मनोऱ्यातली काच

१२ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आपल्या चर्चचा मनोरा उतरवायचं ठरलं. आज दुपारी इंजिनिअरबाईंनी स्वतः सांगितलं, म्हणजे आता ऐकीव काही राहिलं नाही. सोमवारी क्रेन येते.

इकडे सगळे ठीक. वहिनींचा गुडघा कसा आहे?

जुन्या बाजारातल्या तीन चर्चपैकी एकाचं वाचनालय झालं, दुसऱ्याला कुलूप. आपलंच काय ते चालू होतं. घंटा तर कालपासूनच बंद केलीय. समोरचा चपलावाला म्हणाला, तुमची घंटा पाच मिनिटं मागे असायची, पण असायची तरी. मी हसलो. दुसरं काय करणार?

सहा वर्षांपूर्वी तू मनोऱ्याच्या भेगेवर काचेची पट्टी बसवून गेलास. भिंत हलली तर काच तडकेल, तडकली की कळव, हात लावू नकोस, असं बजावलं होतंस. आज बाईंनी ती पट्टी पाहिली. अखंड. भेगेत मात्र करंगळी जाते. समितीसमोर त्या म्हणाल्या, "बसवणाऱ्या गवंड्याला काम येत नव्हतं. वेळीच कळलं असतं तर मनोरा वाचला असता."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुझा भाऊ म्हणून. मी झाडू धरून उभा होतो.

दादा, तुझी काच पहिल्याच वर्षी तडकली. माझ्या धाकटीचं इथलं, याच चर्चमधलं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. तुला कळवलं असतं तर तू चर्च बंद करायला लावलं असतंस. मी फुटक्या तावदानातून तेवढीच पट्टी कापली, चुन्यात बसवली, वर धूळ फासली. लग्न झाल्यावर सांगणार होतो. पण मग आधी का नाही बोललास, हे तू विचारलं असतंस. नंतर तडकली तशी आणखी चारदा बदलली. काम सफाईदार झालं, तुझ्याच हाताखाली शिकलेलं.

आज सांगायला पुढे झालो, आणि बाकांखाली झाडत राहिलो.

समितीचं पत्र तुला उद्या-परवा मिळेल. शनिवारी नऊला जाब द्यायला बोलावलंय. येताना हे पत्र आण आणि मोठ्याने वाच. त्याने मनोरा राहणार नाही, ते मला कळतं. मी मागच्या बाकावर असेन.

तुझा,
ज्याच्या भरवशावर काच सोडून गेलास तो