काट्यावर नजर ठेवून

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. तो घालायला मला वेगळं वाकावं लागत नाही, हल्ली मी बराचसा वेळ तुमच्या गाडीखाली आडवाच असतो. तुमची तब्येत बरी असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल आणि चष्म्याची काडी अजून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यावर टिकून असेल, अशी आशा आहे. (नळ, खुर्चीचा पाय, काकूची चप्पल... तुमच्या घरात ट्यूब न लागलेली वस्तू शोधूनही सापडत नाही.)

काकू माझ्याकडे राहायला आल्यापासून तिचं डायलिसिस ठरल्या दिवशी होतंय. म्हणजे आम्ही पोचलो तर. तिला रिक्षासाठी ताटकळावं लागू नये म्हणून तुम्ही जिवापाड जपलेली गाडी माझ्या हवाली केलीत, हे मी विसरलेलो नाही. पण ही गाडी घरून झोकात निघते, बाजार ओलांडते आणि पूल लागला की आचके देऊन बंद पडते. उशीर झाला की दवाखान्यातलं यंत्र दुसऱ्याला देतात आणि काकूच्या वाट्याचा वेळ कापला जातो. मागच्या खेपेला तेच झालं. संध्याकाळी तिचे पाय टम्म सुजले, आणि ती मलाच सांगत होती, तू जेवून घे. मी इतका कधी घाबरलो नव्हतो. (रिक्षा करू म्हटलं तर ती उंबऱ्यातून हलत नाही. ह्यांनी गाडी दिलीय, म्हणते.)

आमच्या मेकॅनिकला सगळे प्रोफेसर म्हणतात. (शिकवतात फार, गाडी सुधारेलच असं नाही.) त्यांनी बॉनेट उघडून जाहीर केलं की इंजिनाला पेट्रोल पुरेशा दाबाने पोचत नाही. फिल्टर बदलला, गाडी बंद पडली. पंप बदलला, गाडी नव्या पंपासकट बंद पडली. मग इरेला पेटून त्यांनी पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचं घड्याळ जोडलं, ते लांब नळीने बाहेर काढून समोरच्या काचेवर चिकटपट्टीने डकवलं, आणि काल काकूला घेऊन आम्ही तिघं निघालो. बाजारापर्यंत काटा जागचा हलला नाही. पूल सुरू झाला आणि तो हळूहळू खाली सरकायला लागला. प्रोफेसरांनी काचेला नाक लावलं. मागे ट्रक हॉर्न वाजवत होता. मी देवाचं नाव घेतलं, तुमचंही घेतलं (वेगळ्या कारणाने). पुलाच्या ऐन मध्यावर काटा तळाला टेकला आणि इंजिन बंद. आरशात काकू दिसत होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तिथेच प्रोफेसरांनी नवं निदान केलं, पेट्रोलमध्येच भेसळ आहे. वास घ्यायला त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं, तर टाकीने सुस्सकन हवा आत ओढली. काकूने खिडकीतून मान बाहेर काढली. “तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडल्याशिवाय तेल येत नाही. ह्या झाकणाचं भोक कुठंय?” भोक होतं. आतल्या बाजूने त्यावर काळ्या रबराची गोल चकती चिकटवलेली होती, इतकी सफाईदार की गाडीबरोबरच आली असावी. हे कुठल्या शहाण्याचं काम, असं प्रोफेसरांनी विचारलं. मी म्हटलं, आधीच्या मालकाचं. (ह्यात खोटं काही नाही.) चकती उपटली, झाकण लावलं, आणि काटा दवाखान्याच्या दारापर्यंत ढिम्म हलला नाही. यंत्र काकूलाच मिळालं. नव्या पंपाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही.

तुमचा, आता उठून बसलेला,
पुतण्या

ता. क. ती चकती काकूने माझ्या हातातून घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. “मला पेट्रोलच्या वासाने मळमळतं ना, म्हणून केलं असेल ह्यांनी.” यंत्र चालू होतं तोवर चकती तिच्या मुठीतच होती.

ता. क. २. घर सांभाळायला माणूस हवं म्हणून काका येत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगतो. काकूलाही. ती हो म्हणते आणि दवाखान्यात दार उघडलं की तिकडे बघते. तुम्हाला त्या नळ्या बघवणार नाहीत, हे मला कळतं. मलाही बघवत नाहीत, मी छताकडे बघतो. काका, या. दोघं मिळून छताकडे बघू.

ता. क. ३. स्टेशनवर गाडी घेऊन येतो. ट्यूब घरीच ठेवून या.