वर्गातली झोळी

चंचल, जयभीम.

त्या सोमवारी सकाळी तू लेकरू कडेवर घेऊन आपल्या शाळेच्या फाटकात उभी होतीस. "सर, दहावी राहून गेली. मले परत बसू द्या," म्हणालीस. शाळा मधेच सुटलेल्या पोरांसाठीच सरकारने सिंदेवाहीजवळ ही शाळा काढली. तरी मी म्हणालो, "लेकरू घेऊन वर्ग होत नाई." तू का परत गेलीस असं पोरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "तिनंच नको म्हटलं."

तेव्हापासून रोजच्या बुद्धवंदनेत चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, मी अडखळतो. माझी आई धानाच्या रोवणीला जायची तेव्हा शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून मला निजवायची. तिला कुणी धानाच्या बांधीतून परत पाठवलं नाही.

हे पत्र टपालात टाकणार नाही. ते फार सोपं होईल. आज शनिवारच्या सभेत मी पोरांना खरं सांगितलं. राजदीप म्हणाला, "आमी खोटं बोललो का उभं करता, मंग तुमी काऊन बसून आहा, सर?" पोरं हसली. मी उभा राहिलो. रिना हसली नाही. म्हणाली, "आता तिच्या घरी बी तुमीच जा."

सभेनंतर घरून आईचं जुनं लुगडं आणलं आणि वर्गाच्या आढ्याला झोळी बांधली. राजदीपने लोंबकळून पाहिलं, तुटली नाही.

उद्या तुझ्या दारात येतो. तू नाही म्हणालीस तर ते मला ऐकून घ्यावं लागेल. झोळी मात्र बांधली आहे.

फाटकात आडवा आलेला,
देवराव सर