बारशाआधी दिलेलं नाव

१० जानेवारी १९३६

आज मोटारींच्या कारखान्याच्या साहेबांनी हातात गंगाजल दिलं! स्वतः हॅट काढून समोर उभे. मागच्या गाडीचे नकाशे कलकत्त्याच्या एका कंपनीने पळवले, तेव्हापासून त्यांचा कुणावर विश्वास नाही. नवी गाडी विकून शेडबाहेर पडेपर्यंत तिच्याबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही – बायकोजवळसुद्धा नाही – अशी शपथ घेतली. इंजिन, चाकं विलायतेची. वरची बॉडी मी आखायची. ब्रह्मा घाटावरच्या वैदिकाचा मुलगा राजेलोकांच्या मोटारी आखतो! बाबा अजून समजतात, मी टांगे रंगवतो. समजू देत.

२ फेब्रुवारी

बकुळचे दिवस भरत आले. मुलगीच होणार म्हणते, नावही ठरवून बसली आहे – कालिंदी. तिचं माहेर मथुरेचं. "काशीत जिथे तिथे गंगा नि भागीरथी. माझी लेक यमुनेची," म्हणाली. बारशाला शरदिनीअक्का, माझी बहीण, आत्या म्हणून कानात सांगेल. तोवर नाव उच्चारायचं नाही, असं मला दोनदा बजावलं. जशी मी दवंडीच पिटणार आहे!

११ फेब्रुवारी

रंगाचा शेवटचा हात झाला. काळसर निळा. गोणपाट काढल्यावर मिस्त्रीसुद्धा हातातलं काम टाकून बघायला आले.

नाव मात्र ठरेना. साहेबांना हिंदुस्थानी नाव हवं, राजांच्या तोंडी सहज बसणारं. माझी सगळी नावं जड म्हणून टाकली. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर कलकत्त्याहून माणूस बोलावतो, म्हणाले. म्हणजे माझी बॉडीही त्याच्याच नावावर जाणार. मी त्या रंगाकडे बघत होतो – आणि तोंडातून निघून गेलं.

साहेबांनी ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. माझी पाठ थोपटली. पितळी पाटी करायला टाकलीसुद्धा.

मी काय करून बसलो!

१३ फेब्रुवारी

साहेबांचा ड्रायव्हर बोनेट पुसत म्हणाला, "देखें पंडितजी, कालिंदी पर पहला हाथ कौन राजा फेरता है।" सगळे हसले. मीही हसलो.

१७ फेब्रुवारी

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाक थेट बकुळचं.

२६ फेब्रुवारी

आज धीर करून बकुळला म्हटलं, नाव बदलू या. का, विचारलं. सांगता येत नाही म्हटलं. पत्रिकेत काही वाईट निघालं का? नाही. बाबांना नको आहे? नाही. आणखी काय सांगणार होतो? बाजारात कुणीही टवाळ हे नाव घेऊन फिदीफिदी हसेल, हे गंगाजलाची शपथ घेतलेल्या तोंडाने कसं सांगायचं?

"नाव काय उतरवून ठेवायचा दागिना आहे?" ती म्हणाली. "कारण तरी बोला ना."

मी दिव्याची वात सारखी करू लागलो. मग ती म्हणाली, "ठीक. तुम्हीच ठेवा काय ते."

२८ फेब्रुवारी

बारसं झालं. अक्काने कानात 'सीता' सांगितलं. घुगऱ्या वाटल्या. मंगलागौरीच्या देवळाकडच्या बायकांनी पाळणे म्हटले. बकुळने ओठ उघडले नाहीत. अक्काला वाटलं, थकवा.

५ सप्टेंबर

सीता हाकेला बघतच नाही. मी, बाबा, अक्का – सगळे घसा कोरडा करतो. अक्काने हाय खाल्ली, कान गेला म्हणून. आज वैद्यांनी मागून वाटी वाजवली, तर चटकन वळली. कान ठणठणीत आहेत. बकुळ म्हणाली, मोठी होईल तशी वळेल. बकुळ हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते. चूक माझी आहे, पण सांगू कुणाला?

१९ नोव्हेंबर

गाडी एका राजाने घेतली. आज ती शेडबाहेर पडली, शपथ सुटली! बकुळला ती दाखवूनच सगळं सांगायचं ठरवलं आणि गाडी जाणार त्या मैदागिनच्या चौकात दोघींना नेलं. सीता माझ्या खांद्यावर. गर्दी हटवत ड्रायव्हर ओरडला, "हटो, हटो! कालिंदी आ रही है!"

सीता गर्रकन वळली आणि खुदकन हसली – गाडीकडे नाही, आईकडे बघून.

बकुळने घाईघाईने तिच्या कानावर पदर ओढला.