स्पष्ट चित्राचा नवस

३ जून, सोमवार
शुक्रवारी प्रबंध समितीसमोर सादरीकरण. तयारी पूर्ण. निष्कर्ष एका ओळीचा: पेशी विभागू लागली की जनुकांची बटणं दाबणारं आमचं प्रथिन गुणसूत्रं सोडून जातं, विभाजन संपलं की परततं. माझी सगळी चित्रं हेच दाखवतात. मी शांत आहे.

त्याच दिवशी, दुपारी
जेवताना ज्युनिअर तेंग म्हणाली, ताई, ही सगळी चित्रं फॉर्मॅलिनने मारलेल्या पेशींची. फॉर्मॅलिन पडल्यावर तुझं प्रथिन पाहुण्यासारखं घाबरून पळालं, आणि तू म्हणतेस त्याची निघायची वेळच झाली होती, असं तर नाही ना. टेबल हसलं. मीही हसले, सभ्यता म्हणून. कच्च्या पपईची कोशिंबीर खाताना विज्ञान बोलू नये.

४ जून
माझे मार्गदर्शक विसुत सर म्हणाले, जिवंत पेशी बघून टाक, समितीला बोलायला तोंडच उरणार नाही. औपचारिकता आहे. प्रथिनाला चमकता टॅग लावलेल्या पेशी तेंगकडे तयारच होत्या. याचा मी अर्थ लावत नाही.

५ जून
चित्र धूसर. धूसर चित्र म्हणजे विरोधी पुरावा नव्हे, असं सरांना कळवलं. झोप नाही; बँकॉकचा उकाडा.
तेंग म्हणाली, फाटकाजवळच्या छोट्या देवळातल्या आजोबांना, म्हणजे जागेच्या राखणदाराला, अंड्यांचा नवस बोल, सरांनीही अनुदानासाठी बोलला होता. मी नकार दिला.

६ जून, सकाळी
फाटकापाशी कोणी नव्हतं. थांबले. शंभर उकडलेली अंडी बोलले. ‘मला हवं तेच दिसू दे’ म्हणणं हा पूर्वग्रह झाला असता. म्हणून नेमकं मागितलं: चित्र स्पष्ट येऊ दे.

६ जून, दुपारी
चित्र स्पष्ट आलं. गुणसूत्रं मधोमध रांगेत, आणि प्रथिन त्यांच्यावर, हिरवंगार. विभाजन संपेपर्यंत हललं नाही. मग तेंगने त्याच बशीत फॉर्मॅलिन सोडलं. आमच्यादेखत शेजारच्या विभागत्या पेशीतलं प्रथिन गुणसूत्रांवरून उठून गेलं.
तेंग हसली नाही. ताई, बस जरा, म्हणाली. मी उभीच राहिले. पाय ठीक होते.

७ जून, शुक्रवार
सादरीकरण रद्द. प्रबंध पुन्हा पहिल्यापासून. वसतिगृहाच्या राइस कुकरमध्ये थोडी थोडी अंडी उकडते आहे. तेंगने विचारलं, ताई, काम तर फसलं, मग नवस कशाला फेडतेस?
म्हटलं, जे मागितलं ते मिळालं.
मी शांत आहे. कुकरमध्ये पाणी घालायचं राहिलं होतं, तेवढंच.