बाटला कुठे बसवायचा

अण्णा, तुम्ही असतात तर पहिल्याच वाक्याला ‘न्हाई’ म्हणाला असतात आणि विषय तिथेच संपला असता, म्हणून हे बोलून नाही, लिहून विचारते आहे. प्रश्न एवढाच, की पिकअप गाडीत गॅसचा बाटला कुठे बसवावा? आपल्या वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजनचा नव्हे, स्वयंपाकाचाही नव्हे. नायट्रस म्हणून एक गॅस असतो. दवाखान्यात दात काढताना हुंगायला देतात तोच, आणि इंजिनात सोडला तर इंजिन पिसाळल्यासारखं ओढतं. बाटला लहान, निळा, काखेत मावेल एवढा. पण आतला दाब दांडगा. गाडी धाकटीच्या घरची आहे. तुम्ही गेलात तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं, आता तिचा मुलगा गाडी चालवतो. केदारखेड्याच्या अलीकडे त्यांचं गाव. आठवडाभर ही गाडी बायांना कापूस वेचायला, मिरची तोडायला नेते आणि आणते. बायांची टोळी धाकटीच जमवते आणि त्यांच्याबरोबर वेचायलाही तीच जाते. रानं रिकामी झाली की पोरं एका पडीक माळावर गाड्यांच्या शर्यती लावतात, तिथे हीच गाडी पळते. तुमच्या नातवाला त्या शर्यतीत एकदा तरी पहिलं यायचं आहे, आणि त्यासाठी तो बाटला पोत्यात गुंडाळून दुकानात घेऊन आला.

मी पहिल्यांदा तुमच्यासारखंच ‘न्हाई’ म्हणाले. तो हसला. म्हणाला, “मावशी, तू न्हाई बसवला तर मी दुसरीकडून बसवून घेतो. पन मंग तू पुन्हा बोलू नको.” दुसरीकडे म्हणजे कुठे ते मला ठाऊक आहे. तिथे बाटला सीटखाली सरकवून बाइंडिंगच्या तारेने आवळून देतात आणि वर चहा पाजतात. त्याच गाडीत मागे धाकटी बसणार, तिच्यासोबत दहा-बारा बाया, कुणाकुणाची तान्ही लेकरं. म्हटलं, ठेव गाडी इथे. आणि खोटं कशाला बोलू, त्या बाटल्याबद्दल मला कुतूहलही फार वाटत होतं.

तुमच्या ‘न्हाई’वर माझा राग आहे, अण्णा, तो आज काढूनच टाकते. आठवा, मी आठवीत आहे. दुकान म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. मे महिन्याची दुपार, लिंबाची सावली सरकते तसे तुम्ही ऑक्सिजनचे बाटले साखळ्या सोडून सावलीत सरकवताय. आडव्या पडलेल्या एका रिकाम्या बाटल्यावर मी शेंगा खात बसले आहे. तुम्ही ओरडला नाहीत, हाताला धरून उठवलंत आणि म्हणालात, “यावर बसायचं न्हाई.” कामून, विचारलं तर, “न्हाई म्हंजे न्हाई.” व्हॉल्व्हला तेलाचा हात लावायचा नाही. कामून? न्हाई म्हंजे न्हाई. व्हॉल्व्हवर लोखंडी टोपी लावल्याशिवाय बाटला हलवायचा नाही. पुन्हा तेच. ऑक्सिजनच्या दाबात तेल आपोआप पेट घेतं, हे मला तुम्ही गेल्यावर किती वर्षांनी कळलं! मला अजून पडलेलं कोडं हे, की तुम्हाला कारण माहीत होतं आणि सांगायचा कंटाळा होता, की तुमच्या उस्तादाने तुम्हालाही नुसतं ‘न्हाई’च दिलं होतं? आई म्हणायची, त्यांना सगळं कळतं. आई तुमच्याबद्दल काहीही म्हणायची.

तर मी कारणं शोधत बसले. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघितले. गोरी माणसं, लांबलचक पिकअप, एकेकाचं दुकान आपल्या बाजार समितीएवढं. भाषा निम्मी कळत नव्हती, हात बघून समजत होतं. बाटला आडवा ठेवायचा, पण व्हॉल्व्हचं तोंड पुढे आणि जरा उचललेलं, कारण आतली नळी मागे खाली टेकलेली असते आणि गाडी जोरात निघाली की पातळ गॅस मागे सरकतो. उन्हात, सायलेन्सरजवळ, डिझेलच्या टाकीजवळ ठेवायचा नाही. फार तापला तर व्हॉल्व्हमधली एक चकती फुटते आणि सगळा गॅस एकदम बाहेर पडतो, म्हणून बंद केबिनमध्ये तर मुळीच नाही. काचा लावलेल्या असल्या तर ड्रायव्हर गुंगायचा, गुदमरायचा. पत्र्याला नाही, खाली चेसिसपर्यंत बोल्ट घेऊन आवळायचा. आणि मग ते सगळे एकमुखाने सांगतात, की सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मागचा हौदा. उघडा आहे, हवेशीर आहे, माणसांपासून लांब आहे.

माणसांपासून लांब! मी तो व्हिडिओ तिथेच थांबवला आणि एकटीच हसले. आपल्याकडच्या पिकअपचा हौदा तुम्ही मोकळा कधी बघितला होतात का? तुमच्या वेळी पिकअप नव्हत्या म्हणा, टेम्पो होते. पण हौदा तो हौदाच. बाया, वऱ्हाड, शेळ्या, बारशाला निघालेलं गणगोत, कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाणारी पोती आणि पोत्यांवर बसलेली माणसं, सगळं त्यातच. त्या लोकांची सुरक्षित जागा म्हणजे आपल्या धाकटीची बसायची जागा.

तरी मला वाटलं, बघू या. कदाचित कोपऱ्यात घट्ट बसवला, वर जाळी घातली, तर कुणी हात लावणार नाही. तुम्ही असतात तर आधी फळीवर खडूने आखून बघितलं असतंत. मी जरा वेगळं केलं. बाटल्याच्याच मापाचा एक जाड पाइप कापला, दोन्ही तोंडं पत्र्याने बंद केली, पुढे व्हॉल्व्हसारखा एक जुना नळ वेल्ड केला आणि वर निळा रंग मारला. आत नुसती हवा. हा खोटा बाटला हौद्याच्या उजव्या कोपऱ्यात बोल्टने आवळला, वर लोखंडी जाळी घातली, वाचणाऱ्यांसाठी जाळीवरच्या पाटीवर लाल रंगात ‘हात लावू नये’ लिहिलं आणि भाच्याला म्हटलं, वेचणीला घेऊन जा आठवडाभर. बायांना काही सांगू नको. खरा बाटला माझ्याकडे राहील. तो म्हणाला, “मावशी, तू पन काय खेळ करून राह्यली!” खेळच होता. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना मी रोज सांगायची, की माझा बाटला कामावर गेलाय.

आठवड्याने गाडी परत आली तेव्हा जाळी नव्हती. कोपऱ्यात नीट ठेवलेली होती, बोल्टसकट. टेकून बसायला टोचते म्हणून बायांनीच काढली. पाइपाचा वरचा निळा रंग घासून खालचं लोखंड चकचकीत झालं होतं, म्हणजे त्यावर रोज कुणीतरी बसत होतं. पाइपाला आणि हौद्याच्या कड्याला दोरीचा वळ पडला होता. तिथे लेकराची झोळी बांधलेली असायची. नळाला जेवणाच्या पिशव्या अडकवल्याने तो वाकला होता. हे सगळं मी मनात धरलंच होतं. पण नळाची चकरी पूर्ण उघडलेली होती, ते नव्हतं धरलं. मी धाकटीला फोन लावला.

“तो नळ कुनी उघडला गं?”

“कुनी म्हंजे? समद्यांनीच उघडून पाह्यला. आम्हाला वाटलं, पोरानं पान्याची टाकी बसवली.”

“वर लिहिलं होतं ना, हात लावू नये?”

“ते आम्हाला वाटलं, वाया घालवू नये म्हनून लिहिलं असंल. नळ दिसल्यावर मानूस फिरवनारच की, अक्का! वावरात पानी कुठं असतंय? पान्याचा थेंब न्हाई निघाला त्याच्यातून. पोराला शिव्या घातल्या आम्ही.”

मी फोन ठेवला. खरा बाटला असता तर? तान्हं मूल झोळीत, तोंड नळाशी. आतून गोठवणारा गॅस सुटला असता. परदेशातल्या त्या माणसांना हे कधी सुचलं नसतं, कारण त्यांच्या हौद्यात तहानलेल्या बाया नसतात. आणि तुमची एक गोष्ट मला त्या दिवशी पटली, अण्णा, सगळी नाही, एकच. काही ठिकाणी कारण सांगून भागत नाही. पण नुसतं ‘न्हाई’ म्हणूनही भागत नाही, ते मीच जाळीवर लिहून बघितलं होतं.

मग मी पाटी लिहायचा नाद सोडला आणि गाडीच बदलली. हौद्याच्या दोन्ही बाजूंना बसायला फळ्या असतात ना, धाकटीचे गुडघे दुखतात म्हणून त्या मीच करून दिल्या होत्या. त्या ज्या चार खोबण्यांत बसतात, त्याच खोबण्यांच्या मापाची एक लोखंडी चौकट केली. बाटला या चौकटीच्या मधोमध, तोंड पुढे, जरा उचललेलं, वरून उन्हासाठी पत्रा, आणि चारी पाय चेसिसच्या बोल्टवर. चौकट बसवायची तर आधी फळ्या काढाव्या लागतात, आणि चौकट बसली की हौदाभर गुडघ्याएवढ्या उंचीवर आडव्या पट्ट्यांची जाळी होते. त्यात शेळीसुद्धा उभी राहू शकत नाही. एक तर बाया बसतील, नाही तर बाटला. दोघं एका वेळी नाहीत. एरवी बाटला माझ्या दुकानातच, सावलीत, साखळीला. भाचा कुरकुरला, “दर टायमाला इथं यायचं का मंग?” म्हटलं, बिलकुल यायचं. आणि बाटला उघडायचा तो फक्त माळावर, रस्त्यावर उघडलास तर चौकट गॅसने कापून काढीन. कामून, ते मी त्याला सगळं सांगितलं, चकतीपासून झोळीपर्यंत. त्याने निमूट ऐकलं. म्हणजे सांगता येतं, अण्णा.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन धाकटीच्या दारात गेलो. मागे चौकट, चौकटीत निळा बाटला, मी पुढे खिडकीशी. धाकटी पिशवी घेऊन बाहेर आली, सवयीने मागे गेली, एक पाय टायरवर ठेवला, कठड्याला धरून वर झाली आणि थबकली. “अगं बया, आता मी कुठं बसू?” पोरगा म्हणाला, “आई, तू घरीच थांब ना आज.” ती खाली उतरली, वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि म्हणाली, “सरक, अक्का.”

मी मध्ये सरकले, गिअरची दांडी गुडघ्याला लागत होती. ती खिडकीशी बसली. काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. गाडी फाट्याला लागली. मग म्हणाली, “इथून रस्ता येतानी दिसतो गं. मागून निसता गेलेला दिसतो.”

गाडी घेतल्याला कितीतरी वर्षं झाली. हप्ते तिच्याच वेचणीतून फिटले. पुढच्या सीटवर कधी मळ्यावरचा मुकादम बसायचा, कधी शेताचा मालक, कधी कुणी पाहुणा, आणि मी गेले की मी. शर्यतीत तुमचा नातू दुसरा आला, रडवेला झाला, जेवला नाही. ते सगळं राहू द्या. महिनाभर मी बाटल्याला जागा शोधत होते. धाकटी कुठे बसते हे मला माहीत होतं, ते मी हिशेबात धरलं होतं, तिथे तिला काही लागू नये म्हणून रात्रंदिवस डोकं खाजवलं. तिने पुढे बसावं हे काही मला सुचलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि दुकानातही ठेवणार नाही, धाकटीला वाचता येतं. बाकी तिने काहीही वाचलं तरी चालेल. पण ती ‘सरक’ म्हणाली तेव्हा मला आधी रागच आला होता, तेवढं तिने वाचायला नको.