आईंचा कॉम्प्युटर क्लास

६ जाने., सोम.
परळच्या हॉस्पिटलात गोळ्या आणायला गेले होते. आज डॉक्टरबाईंना सांगून टाकलं. मागच्या आठवड्यात नातीला, आर्याला, शाळेतून आणताना नाक्यावर उभी राहिले आणि घर कुठल्या बाजूला ते कळेना. लग्न होऊन आले ती डिलाईल रोडलाच. आर्या पुढे चालायला लागली म्हणून तिच्या मागे गेले. घरी बोलले नाही.
बाई म्हणाल्या, एचआयव्ही जुना असला, त्यात वय झालं, की काहींना असं होतं. गोळ्या वेळेवर असल्या तरी. नुसतं वयही असेल, नक्की सांगता येत नाही. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर मेंदूचा व्यायाम सुरू झालाय. येता का? येते म्हटलं.

९ जाने., गुरु.
घरी काय सांगायचं. मुलगा, संदेश, त्याला सगळं माहीत आहे. त्याचे पप्पा त्यातच गेले, तेव्हापासून माझ्या तपासणीला तोच यायचा. सुनेला नाही सांगितलेलं. प्रणालीला म्हटलं, परळला म्हाताऱ्यांसाठी कॉम्प्युटर क्लास निघालाय, फुकट.
"आई, मस्त! आता माझं ऑफिसचं एक्सेल तुम्हीच करा."
संदेश खाली मान घालून जेवत होता.

१४ जाने., संक्रांत
पहिला दिवस. एसी फार. स्क्रीनवर मधोमध गाडी चमकते, कार की ट्रक ते सांगायचं. त्याच वेळी कडेला कुठेतरी सिग्नल चमकतो, तो कुठे होता तेही दाखवायचं. गाडी बघावी तर सिग्नल जातो. बरोबर येत गेलं की ते आणखी पटकन चमकतं. म्हणजे जमायला लागलं की परत जमत नाही.
बाजूच्या खुर्चीवर गफूरभाई, भायखळ्याचे. टॅक्सी चालवायचे. "पूरी जिंदगी सिग्नल देखा, बाई. इधर एक नहीं दिखता." हसले. मीही.
इतक्या वर्षांत त्या हॉस्पिटलात पहिल्यांदा हसले असेन.

१९ जाने., रवि.
विहारात वंदना म्हणताना मध्येच अडकले. पुढच्या बाईच्या आवाजाला लागून गेले. कोणाच्या लक्षात आलं नसावं.

२३ जाने., गुरु.
प्र.ने चाळभर सांगितलंय. जाधववहिनी मोबाईल घेऊन आल्या, "तुम्ही क्लासला जाता ना, हा आमच्या सोनूचा फॉर्म भरा." मी म्हटलं, आम्हाला अजून फॉर्म शिकवला नाही. "मग काय शिकवतात?" ट्रक ओळखायला, असं तोंडाशी आलं होतं.

३० जाने., गुरु.
वेग वाढला. काळे मॅडम, क्लास घेतात त्या, म्हणाल्या छान चाललंय. घरी डाळीत मीठ दोनदा. संदेशने खाल्ली, आर्या बोलली.

६ फेब्रु., गुरु.
गफूरभाईंची खुर्ची रिकामी. फोन केला. "बेटी पूछने लगी, रोज कहाँ जाते हो. मैंने छोड़ दिया." मी म्हटलं, सांगा ना तिला. ते म्हणाले, "तुमने बताया बहू को?"
फोन ठेवला.

१३ फेब्रु., गुरु.
झालं ते लिहून ठेवते. शाळा सुटल्यावर आर्याला घेतलं आणि चालत राहिले. बरोबर चाललोय असंच वाटत होतं. आर्या वर्गातलं काही सांगत होती, मी हो-हो करत होते. मग समोर रेल्वेचा पूल आला. करी रोड. तिथून विचारत विचारत आले. फोन घरीच राहिलेला. घरी पोचले तर प्र. ऑफिस टाकून आलेली, जाधववहिनी दारात, संदेश शाळेकडे पळालेला.
"कुठे होतात तुम्ही?"
म्हटलं, जरा फिरवून आणलं हिला.
"आजी रस्ता विसरली," आर्या म्हणाली. सहज. दप्तर काढता काढता.

१४ फेब्रु., शुक्र.
काल जेवणं झाल्यावर प्र.ला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. एचआयव्ही आहे, ह्यांच्यापासून आला, क्लास म्हणजे काय, सगळं.
ती म्हणाली, "ते संदेशने लग्नाआधीच सांगितलं होतं मला."
मग कधी बोलली का नाहीस?
"तुमची गोष्ट आहे. तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल म्हटलं."
मी माझा नेलकटर कपाटामागे डब्यात लपवून ठेवते, तिच्या हाती लागू नये म्हणून. ती म्हणाली, "तो डबा मीच पुसते, आई."
एवढ्यावर भागेल असं वाटलं. मग तिचा आवाज चढला. "पण रस्ता चुकताय हे कसं नाही सांगितलंत? याच्या आधीपण झालं होतं ना? आर्या होती तुमच्याबरोबर!"
जे एवढं जपलं त्याचं तिला काही नाही. रस्त्याचं लपवलं ते मात्र लागलं. संदेश मध्ये पडायला गेला तर त्यालाही गप्प केलं.
बरोबरच आहे तिचं.

१७ फेब्रु., सोम.
आर्याला व्हॅन लावली. शाळा सुटायच्या वेळेला मी भांडी घासली. घासलेलीच होती.

२० फेब्रु., गुरु.
क्लासला गेले. प्र. म्हणाली, सोडू नका. गफूरभाईंना फोन लावला, उचलला नाही.

४ मार्च, मंगळ.
शेवटची परीक्षा. सुरुवातीपेक्षा खूपच पटकन दिसतं आता, मॅडमनी दाखवलं. मी विचारलं, मग रस्ता नाही ना चुकणार? त्या म्हणाल्या, "खेळ सुधारलाय, ते नक्की. बाहेर किती उपयोग होईल ते मी खात्रीने नाही सांगू शकत." खोटं बोलल्या नाहीत, बरं वाटलं. प्र.ला तसंच्या तसं सांगितलं.

८ मार्च, शनि.
आज व्हॅन नव्हती आणि प्र.ला सुट्टी. म्हणाली, "तुम्ही आणा तिला. मी मागून येते. एक शब्द बोलणार नाही."
आर्याचा हात धरला आणि निघाले. प्र.च्या चपलांचा आवाज मागे येत होता. नाक्यावर थांबले. समोर रसवंती, बाजूला मेडिकल, टेम्पो उलटा येत होता. मग वळलो आणि घर आलं.
प्र. खूश. चहा तिनेच टाकला. "बघा, जमलं ना!"
मी म्हटलं, नाक्यावर आधी मी वळले की आर्या, ते मला सांगता येत नाही.
तिने आर्याला विचारलं, तर ती म्हणे, माहीत नाही, आम्ही गप्पा मारत होतो.
प्र.ने गॅस बारीक केला. "मग पुढच्या शनिवारी परत," म्हणाली. "तिचा हात न धरता."