दीड तासातले अठ्ठावीस सेकंद

रविवार, ५ जानेवारी २०२५. दुपार.

आमच्या चर्चला नवीन पास्टर आले. नाव रत्नपाल, तळा तालुक्यातले. पहिल्याच दिवशी डोक्यात गेले.

आधीचे पास्टर पनवेलला गेले. ते जाम हसवायचे. शेजारच्याला टाळी द्या बोलायचे. हे आले, शास्त्रातल्या चार ओळी वाचल्या आणि त्या चार ओळींवर दीड तास बोलले. एक जोक न्हाय. नाताळात मी क्रूसाभोवती सात रंगांची एलईडीची पट्टी लावलेली, ती काढून गुंडाळून माझ्या हातात दिली. बोलले, निकेत, आपण देवासमोर उभं राहतो, वाढदिवसाला न्हाय.

प्रार्थना चालू असताना मी कीबोर्डवर एकच सूर धरून ठेवायचो. लोकांना रडू यायचं. तो पण बंद. बोलले, रडायचं असेल तर आपल्या पापासाठी रडतील, तुझ्या बोटानं कशाला?

आमच्या मंडळीत बावीस माणसं येतात ती माझ्या साऊंडमुळं येतात. हे त्यांना कोणीतरी सांगायला पायजे. मीच सांगणार.

ठराव १: या माणसाला ईस्टरच्या आत मुरुडातून घालवणे.
ठराव २: २ मार्चला युवा रविवार. त्या दिवशी संदेश, म्हणजे प्रवचन, तरुणानं द्यायचा असतो. या वर्षी मी देणार. हॉलचा पत्रा हलवून टाकणार.

बुधवार, ८ जानेवारी. संध्याकाळी ६.

मी कामाला हाय त्या लॉजवरच्या चादरी बदलून सरळ पास्टरांच्या खोलीवर गेलो. तोंडावर सांगायला. सगळं पाठ केलेलं. दार उघडलं, बोलले, काय रे निकेत? मी बोललो, पाणी हाय का?

दोन ग्लास प्यायलो. थँक्यू बोलून आलो.

आपण कोण हाय ते त्यांना आता कळलं असेल. लोक मला लाजाळू बोलतात. मी लाजाळू न्हाय. मी बोलणं साठवतो.

रविवार, १२ जानेवारी.

आज पण दीड तास. विषय, शास्त्राचा तुकडा तोडू नका. बोलले, सुरमईची शेपटी घरी न्यायची आणि गावभर सांगायचं आज सुरमई खाल्ली, असं वचनाचं करू नका. आधी काय लिहिलंय ते वाचा, नंतर काय लिहिलंय ते वाचा. देव जेवढं बोलला तेवढं सांगा. जास्त सांगणं हा पण त्याचा अपमान, कमी सांगणं हा पण.

वेणूबाई मावशी बाहेर चप्पल शोधता शोधता बोलली, आधीचा हसवायचा रं, पण घरी गेल्यावर कशाला हसलो तेच आठवायचं न्हाय. ह्याचं आठवतं. म्हातारी माणसं लगेच इम्प्रेस होतात.

मग पास्टरांनी मला धरलं. युवा रविवार तुला पायजे असं तुझी आई बोलली. चांगलं हाय. आधी रविवारच्या उपासनेत पुढं उभा राहून एक अध्याय वाच. मी घसा बसलाय असं घशाकडं बोट केलं.

हे म्हणजे परत शाळा. नववीत मी शाळा सोडली ती याच्यासाठीच. उभं करून वाचायला लावायचे आणि पोरं हसायची. अशा सिस्टिमला माझा विरोध हाय.

शेवटी कल्पितानं वाचलं. नववीपर्यंत माझ्याच वर्गात होती, आता बारावीला हाय. एक चूक केली न्हाय. पण फील न्हाय.

रविवार, १९ जानेवारी.

जे आजारी, ज्यांना येता येत न्हाय, त्यांच्यासाठी संदेश मोबाईलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडं. पास्टर बोलले, आख्खा टाक, कापू नकोस.

आणि आज काय झालं? माणसानं चक्क नक्कल केली! मोबाईलवर ते ओरडणारे प्रचारक असतात ना, सेम तसा आवाज काढून, हात वर करून. माग! देवाकडं फोर व्हीलर माग! रंग पण सांग! दारात शेड बांधून ठेव, गाडी येणारच! आमेन बोल! वेणूबाई मावशी हसून हसून खोकली.

मग एकदम हात खाली घेतला. बोलले, हे खोटं हाय. असं शास्त्रात कुठंच न्हाय. ही प्रार्थना न्हाय, ही हॉटेलातली ऑर्डर हाय, आणि देव वेटर न्हाय. मग परत तासभर देवाचं भय, देवाचा मान, देव पवित्र.

माझ्या लक्षात आलं. माणसात टॅलेंट हाय. फक्त एडिटर न्हाय.

मंगळवार, २१ जानेवारी.

झालं. दीड तासातले अठ्ठावीस सेकंद काढले. माग पासून आमेन बोल पर्यंत. मागं ढोल, खाली आगीच्या ज्वाळा, गाडी बोलले तिथं झूम. पुढचं सगळं बोअर होतं, ते काढलं. चॅनलचं नाव मुरुड फायर. मोबाईलमध्ये जागा नव्हती म्हणून आख्खं रेकॉर्डिंग ग्रुपवर न टाकताच डिलीट केलं.

हिशोब साधा हाय. पास्टर फेमस होतील, नवी मुंबईची मोठी चर्चं त्यांना उचलतील, ठराव १ पूर्ण. जायच्या आधी माझे उपकार मानून पुलपिट, म्हणजे बोलायची जागा, मला देतील, ठराव २ पूर्ण. एवढं डोकं नववीत कोणी बघितलंच न्हाय.

रविवार, २६ जानेवारी.

३१२ व्ह्यूज. त्यातले दोनशे माझे. बाकीचे जेन्युईन.

वाचन परत कल्पितानं केलं. मी वायरी बघत होतो.

रविवार, २ फेब्रुवारी.

४१ हजार!!!

हॉलमध्ये साठ माणसं. चप्पल रस्त्यापर्यंत. रोहा, तळा, म्हसळा, कुठून कुठून आलेली. पास्टर गडबडले, पण संदेश तोच. चार ओळी, दीड तास. शेवटी बोलले, कोणाला प्रार्थनेची विनंती? एक जण उठून बोलला, पांढरी. दुसरा बोलला, सीएनजी मिळाली तर बरं.

पास्टरांना काही कळेना. मग कल्पितानं आपला मोबाईल काढून त्यांना क्लिप दाखवली. चुगलखोर. च्यायला. (सॉरी देवा.)

सोमवार, ३ फेब्रुवारी.

बोलावलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले न्हायत. माझ्यासमोर क्लिप दोनदा बघितली. मग बोलले, माझी थट्टा झाली त्याचं मला काही न्हाय. पण देव जे बोलला न्हाय ते तू त्याच्या नावावर खपवलंस, निकेत. एक्केचाळीस हजार लोकांना. तुला भीती न्हाय वाटली?

मी तिथंच मोबाईल काढला.

क्लिप काढून टाकली. पण ती आता सगळ्यांच्या व्हॉट्सअपवर हाय. एकदा लोकांच्या हातात गेल्यावर माझी जबाबदारी काय?

रविवार, ९ फेब्रुवारी.

पास्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मी असं शिकवलेलं न्हाय. ती मी नक्कल केली होती, पुढचं कापलंय. कोणी कापलं ते सांगितलं न्हाय. लोकांवर काही फरक न्हाय. मागं एक बाई बोलली, मोठी माणसं अशीच असतात, नम्र.

आमच्या मंडळ्यांची कमिटी हाय, तिचा फोन आला. गाडीची लालूच दाखवणारा पाळक आम्हाला नको, पुरावा द्या न्हायतर जागा सोडा. आख्खं रेकॉर्डिंग तर मी उडवलं. कमिटी २ मार्चला येणार.

म्हणजे ठराव १ वेळेच्या आधीच होतोय. खूश झालो. रात्री जेवण गेलं न्हाय. बांगडा शिळा असणार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.

पास्टर मला घेऊन तळ्याच्या पुढं एका गावात गेले. मुरुडहून रोहा एसटी, रोह्याहून तळा एसटी, तिथून मिनिडोर रिक्षा. गणराज म्हणून भातशेती करणारा माणूस. त्यानं क्लिप बघून निरोप पाठवलेला, गाडी कधी येणार तेवढं सांगा.

त्याच्या दारात शेड. नवा पत्रा, चार खांब, खाली कोबा केलेला. आंब्याच्या पानांचं तोरण पण. आत काही न्हाय. एक कोंबडी होती.

पास्टर हळूच बोलले, सांग तू. मी कोंबडीकडं बघितलं. ती पण माझ्याकडं बघायला लागली. मग पास्टरांनीच सांगितलं. दादा, गाडी येणार न्हाय. असं देव बोलला न्हाय, मी पण बोललो न्हाय. पण तोंड माझं हाय, म्हणून माफी मागायला आलो.

गणराजदादानं विचारलं, मग कापलं कोणी? पास्टरांनी नाव सांगितलं न्हाय. मी पण न्हाय. तो शेडकडं बघत बोलला, बायको पहिल्यापासून बोलत होती, आधी कुत्रा आणा मग साखळी.

परत येताना तिन्ही गाड्यांत पास्टर डोळे मिटून बसलेले. मला वाटलं दमले. मग मुरुड स्टँडवर उतरल्यावर बोलले, युवा रविवार तुझा. मी त्या दिवशी काय काय बोललो ते माझ्या वहीत हाय. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, आणि कापलं कोणी ते सांग. एवढाच तुझा संदेश. जबरदस्ती न्हाय.

पुलपिट मिळालं!! ठराव २ फत्ते. आईला सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि बोलली, तुझ्याच्यानं होईल का रे?

स्वतःची आई.

शनिवार, १ मार्च. सकाळी ११.

प्रॅक्टिस जोरात. समुद्रावर जाऊन वाचलं. आवाज खणखणीत. मासळी वाळत घालणाऱ्या बायका सोडून सगळं मोकळं होतं. त्या जवळ आल्या की मी थांबायचो. उद्या पत्रा हलणार.

पास्टरांची नोकरी माझ्या हातात हाय. ठेवायची की घालवायची, मूडवर हाय.

रविवार, २ मार्च. संध्याकाळ.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो. नंतर लोक काहीबाही सांगतील.

माणसं चौसष्ट. कमिटीचे दोघं पुढं, फाईल घेऊन. मी उठलो. पुलपिटपर्यंत चालत गेलो. वही उघडली. पास्टरांनी वहीत ती नक्कल पानाच्या अगदी वर लिहिलेली. मी वाचलं. माग. फोर व्हीलर माग. रंग पण सांग. दारात शेड बांधून ठेव, गाडी येणारच. आमेन बोल.

आख्खा हॉल ओरडला, आमेन!

पुढची ओळ होती, हे खोटं हाय. मला दिसत होती. अक्षर एकदम क्लियर. पण तोंडातून काही येईना. पंख्याचा आवाज पण जाम होता. एक मिनिट झालं. कल्पिता पहिल्या रांगेतून ओठ हलवून मला शब्द दाखवत होती. पास्टर मान खाली घालून बसलेले. मला वाटलं उठतील, वही घेतील. उठले न्हायत. कमिटीवाला काहीतरी लिहायला लागला.

मग मागून आवाज आला. गणराजदादा. कधी आलेला कोणाला माहीत. बोलला, पोरगा थांबलाय, पुढचं मी सांगतो. मी शेड बांधली. गाडी न्हाय आली. हा पास्टर माझ्या दारात येऊन बोलला, गाडी येणार न्हाय. गाडी देतो बोलणारे लय बघितले वो. येणार न्हाय, एवढं सांगायला दोन एसट्या आणि मिनिडोर बदलून कोण येतो?

कमिटीवाल्यानं पेनाचं टोपण लावलं.

तो बोलायला उठला तेव्हा मी सवयीनं माझा माईक बंद केलेला. त्याच बंद माईकमध्ये मी बोललो, मी कापलं.

दोनच शब्द. पण बोललो. वेणूबाई मावशी पहिल्या रांगेत असते, तिला ऐकू गेलं. ती बोलली, माहीत हाय बाबा आमाला, बस आता खाली.

एकंदर संदेश चांगला झाला. थोडक्यात झाला.

रविवार, ९ मार्च.

माणसं एकोणीस. गाडीवाले गेले. पास्टर राहिले. कमिटीनं तसं पत्र दिलं, पण मूळ निर्णय माझाच.

गणराजदादा परत आला. पास्टरांनी दारातच विचारलं, दादा, गाडीसाठी न्हाय ना? तो बोलला, न्हाय. फसवणारा बघून झाला, आता खरं बोलणारा किती खरं बोलतो ते बघतो. मग पुढं बसून चालू. पास्टर एक वाक्य बोलले की हा मोठ्यानं, कुठं लिहिलंय? पास्टर दाखवायचे. परत, कुठं लिहिलंय? दीड तासाचे दोन तास झाले. पास्टरांना एवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

नंतर तो बायबल घेऊन माझ्याकडं आला. बोलला, आज वाचला तो मीखा का काय, तो कुठं हाय दाखव. तू इथलाच.

मी पुढून बघितलं. मग मागून बघितलं. मग मधून. पाच मिनिटं झाली. तो बोलला, आण इकडं. पहिलं पान उघडलं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं, आकडा बघितला आणि काढला. तिसरी पास हाय तो.

अनुक्रमणिका असते ते मला माहीत होतं.

तो बोलला, किती वर्षं येतोस रे इथं? मी बोललो, जन्मल्यापासून. सतरा.

तो बोलला, मग सतरा वर्षं करत काय होतास?

मी बोललो, साऊंड.